आधी दुरुस्ती, मग बातम्या

विलास,

तुला खांदा देतानाही मी गर्दीच पाहत होतो. बाकीचे लोक मान खाली घालून चालले होते आणि मी मागे वळून वळून पाहत होतो की रांग कुठपर्यंत आहे. पुसदची तुझी गल्ली भरून रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं होती. तांड्यावरून ट्रॅक्टर भरून बाया आल्या होत्या. जुने विद्यार्थी आले होते, त्यातले दोघे तर पुण्याहून रातोरात निघून आलेले. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा मागची माणसं पुढच्यांना सांगत होती, आवाज येत नाही, जरा मोठ्याने म्हणा. आणि माझ्या मनात आलं, माझ्या वेळी एवढी येणार नाहीत.

हे मी तुला पहिल्यांदा सांगून टाकतो, कारण बाकीचं सांगायला मग सोपं जाईल. मला तुझा हेवा वाटायचा. आपण पंधरा-सोळा वर्षं एका शाळेत काढली, एका मोटरसायकलवर गेलो-आलो, एका डब्यातली भाजी खाल्ली. त्यातला एकही दिवस हेव्याशिवाय गेला असेल असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तुला हे माहीत होतं का, हे विचारायचं राहिलं. बहुतेक होतं.

मोटरसायकल तुझी, मी मागे. पुसदहून तांड्यापर्यंत रस्त्यात जो भेटेल तो हात वर करायचा, "जय सेवालाल, विलास सर!" मी मागून हात वर करायचो. मला कोणी केलेला नसायचा, तरी करायचो. एकदा तू आजारी होतास आणि मी तुझीच गाडी घेऊन एकटा निघालो. फाट्यावरच्या चहावाल्याने लांबून हात केला, मग जवळ आल्यावर म्हणाला, "अरे, तुमी हाय का? मले वाटलं, सर हायेत." प्रभारी मुख्याध्यापक मी होतो. नोकरीतही तुझ्याहून मोठा. पण सर तू.

तुझी ती पद्धत मला सुरुवातीपासून खुपायची. सकाळी पुसदच्या बसस्टँडवर गाडी थांबवून तू दोन पेपर घ्यायचास. वर्गात गेल्यावर हजेरीआधी पोरांपुढे टाकायचास. "बोला, यातली कोनती बातमी कोनत्या धड्यातली हाये?" मग झुंबड उडायची. कापसाच्या भावाची बातमी गणितातल्या शेकडेवारीत जायची. वणीच्या कोळशाच्या ट्रकांची बातमी भूगोलात. कुठल्याशा ग्रामसभेतलं भांडण नागरिकशास्त्रात. पोरं कात्रण कापून त्या त्या धड्याच्या पानाला चिकटवायची. दिवाळीपर्यंत पुस्तकं अशी फुगायची की मिटायची नाहीत. दप्तराची चेन लागायची नाही. मी म्हणायचो, "विलास, सरकारी पुस्तकं हायेत. पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरांना द्यायची असतात."

तू म्हणायचास, "देऊ ना भाऊ. फुगलेलीच देऊ. त्यायले जास्त मिळन."

आणि खरंच, पुढच्या वर्षीची पोरं कोरी पुस्तकं सोडून तुझी फुगलेली मागायची.

माझ्या टेबलावरही तू कात्रणं ठेवून जायचास. "भाऊ, हे तुमच्या धड्याचं निघालं." मी त्यावर चहाचा ग्लास ठेवायचो. मुद्दाम. एकदा मात्र असंच एक कात्रण, कुठल्याशा धरणातून किती पाणी सोडलं याचं, मी वर्गात वापरलं. आकारमानाचा धडा होता. पोरांनी तास संपला तरी उठू दिलं नाही, असा माझा तास आधी कधी झाला नव्हता. घरी येताना मी तुझ्या मागे बसून तासाभराचा रस्ता गप्प होतो. ते कात्रण तू दिलं होतंस, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

मग ती टाळेबंदी आली. शाळा बंद, तांड्यात चार घरी मोठे फोन आणि त्यांनाही रेंज टेकडीवर गेल्याशिवाय नाही. तू तांड्याच्या नायकाला, शंकर नायकांना, गाठलंस. सेवालाल महाराजांच्या मंदिरावर भोंगा होता, तो त्यांनी दिला. सकाळी तू त्यावरून धडे घ्यायचास, पोरं आपापल्या ओट्यावर वही घेऊन बसायची. शाळा उघडल्यावर धडे थांबले, पण भोंगा काही थांबला नाही. शाळा सुटली की बाया शेतातून यायच्या वेळेला पोरांच्या बातम्या सुरू व्हायच्या. पेपरातल्या चार, तांड्यातल्या दोन, त्यातली एक तरी तांड्याच्या गोरबोलीतून. "सारी याडी-बापूनं रामराम" अशी सुरुवात. आयांना आणि बापांना रामराम. बाया डोक्यावरचा भारा न उतरवता उभ्या राहून ऐकायच्या.

आणि पहिल्याच आठवड्यात तुझी चूक झाली. एसटीची बदललेली वेळ तू चुकीची सांगितलीस. दवाखान्याला जाणारे लोक फाट्यावर पोचले तर गाडी निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं, सर आता काहीतरी सारवासारव करतील. तू माइक घेतलास आणि म्हणालास, "काल एसटीची वेळ चुकीची सांगितली. खरी वेळ अशी अशी. चूक विलास सरांची." एवढंच. मग बातम्या. तांडा खो खो हसला. गुलाब याडी, सत्तरीच्या पुढची बाई, फाट्यावरून पायी परत आलेली, ती म्हणाली, "मास्तर पैलांदा खरं बोलला."

तेव्हापासून नियमच झाला. आधी दुरुस्ती, मग बातम्या. आणि ज्याची चूक त्याचं तोंड. ज्याने चूक केली त्यानेच माइकवर यायचं, दुसऱ्याने वाचायची नाही. पोरं दुरुस्तीला भ्यायची नाहीत, उलट कोणाची चूक सापडते म्हणून टपून बसायची. माणसं शेतातून थेट मंदिरावर यायची, "काल तुमी बोलले नाल्याचा पूल पास झाला. कायचा पास? आत्ताच पाहून आलो." दुसऱ्या दिवशी दुरुस्ती. मी एवढी वर्षं शिकवलं, माझी चूक काढायला कोणी आलं नाही. मला वाटायचं, माझं बरोबर असतं म्हणून.

मी त्या बातम्या रोज ऐकायचो, हे तुला माहीत नसेल. गाडी तुझी, त्यामुळे तुझं उरकेपर्यंत मला थांबावं लागे. मी ऑफिसचं दार लावून कागद पुढे घेऊन बसायचो. पण कान भोंग्याकडे. चूक शोधत बसायचो. कोणीतरी एखादा आकडा इकडचा तिकडे सांगेल, एखादी राजधानी चुकेल. सापडली तरी मी येऊन सांगत नसे, मनात ठेवून घरी नेत असे. रात्री जेवताना बायकोला सांगायचो, "आज पुन्हा चुकीचं सांगितलं भोंग्यावर." ती म्हणायची, "मग तुम्ही का नाही सांगत बातम्या?"

आता त्या आठवड्याचं सांगतो. तुला त्यातला शेवटचा भाग माहीत नाही.

सोमवारी तू म्हणालास, "भाऊ, दोन दिवस यवतमाळले प्रशिक्षण हाये. बातम्यायचं तुमी पाहाल का?" मी "पाहतो ना" म्हणालो, पण आतून मला उकळी फुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भोंगा माझ्या हातात येणार होता. प्रशिक्षण नव्हतं, हे मला तू गेल्यावर सुनीता वहिनींनी सांगितलं. छातीत दुखायचं म्हणून तू तपासणीला गेला होतास. शंकर नायकांना हे माहीत होतं. त्यांना सांगितलंस आणि मला प्रशिक्षण सांगितलंस. त्याचाही मला हेवा वाटला, काय सांगू.

त्या सोमवारी रात्री तांड्यावर परतीचा जोरदार पाऊस झाला. मंगळवारी सातवीतल्या पायलने तिच्या बाटलीत पाऊस मोजला. शाळेमागच्या ओट्यावर तू तिला प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक करून दिलं होतंस, ते मला ठाऊक होतं. मी ते कधी जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तिने आकडा वाचला. बुधवारी पेपर आला, त्यात आपल्या महसूल मंडळाचा पावसाचा आकडा होता. पायलचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त.

विलास, मला आनंद झाला. सापडली, असं वाटलं. तुझ्या पोरीची, तुझ्या बाटलीची, छापील आकड्यासमोर सपशेल चूक. मी पायलला ऑफिसात बोलावलं.

"ही बाटली बुडाशी कशी असते? गोल, वाकडीतिकडी. मग पट्टी लावून आकडा बरोबर कसा येईल? विज्ञानात काय शिकवलं मी?"

"सर, पन विलास सरांनी..."

"विलास सर नाहीत आज. पेपर खोटं छापते का?"

मग मी म्हणालो, "ज्याची चूक त्याचं तोंड. तुमचाच नियम आहे."

संध्याकाळी ती माइकवर उभी राहिली आणि मी लिहून दिलेलं वाचलं. "काल पावसाचा आकडा चुकीचा सांगितला. बाटली बरोबर नव्हती. चूक पायलची." तिचा आवाज बारीक होत गेला. मी तिच्या मागे उभा होतो, हात पाठीशी बांधून. खाली नळावरची पोरं ओरडली, "बोतलवाली! बोतलवाली!" मग मी बातम्या वाचून घेतल्या. मध्येच पाहिलं तर बाया भारे घेऊन घराकडे निघाल्या होत्या. थांबल्या नव्हत्या.

गुरुवारी तू आलास. पोरांनी तुला सांगितलं असणार. मी हजेरीपत्रक भरत होतो, खिडकीतून तू शाळेमागून हाक मारलीस, "भाऊ, या जरा इकडे." मी बसल्या जागेवरून म्हणालो, "काम करून राह्यलो." मग तूच बाटली हातात घेऊन आत आलास आणि माझ्या टेबलावर ठेवलीस.

"पाहा भाऊ. बुडाले गोटे टाकलेले हायेत. त्याच्यावर पानी भरलं, जिथून बाटली सरळ होते तिथपर्यंत. पट्टीचं शून्य तिथून सुरू. पोरीनं बरोबर मोजलं."

मी पाहिलं. गोटे होते. पाण्याची रेघ होती. रेघेला पट्टीचं शून्य बरोबर लावलेलं होतं. विज्ञानाचा मास्तर मी, मला ते एका नजरेत कळलं. म्हणून मी दुसरं बोललो.

"मग पेपर चुकीचा का?"

"पेपर बी बरोबर. त्यायचं मापक टेकडीच्या पलीकडच्या गावात हाये. तिकडे कमी पडला, इकडे जास्त पडला. पाऊस का रजिस्टर पाहून पडते, भाऊ?" तू हसलास. "उलट हेच त सांगाचं व्हतं पोरायले. याच्यासारखी बातमी सापडते कुठं! ह्याच्यात भूगोल हाये, गनित हाये, नागरिकशास्त्र हाये. आपल्या पावसाचा आकडा सरकारच्या कागदावर का नाही, तलाठ्याले विचारता येते."

तुझा उत्साह पाहून मला जास्त राग आला. माझ्या चुकीतूनही तुला धडा सापडत होता.

"बरं, मग वाच आज. तुझा भोंगा हाये."

"मी कायले वाचू? चूक कोनाची?"

"मी नाही वाचणार, विलास. मुख्याध्यापक हाये मी."

"आन ती सातवीतली हाये. तिनं त वाचलं." तू हसायचा थांबला होतास. "ज्याची चूक त्याचं तोंड, भाऊ. एसटीची वेळ चुकली तवा मी वाचलं का नाही?"

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. "तू चुकला तरी लोक तुझ्यावर खूश होतात! सगळा तांडा तुझाच हाये. मग मले कायले बोलावतं त्या भोंग्यावर? हसं कराले?"

तुझ्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तू खुर्चीवर बसलास, छातीवर हात ठेवून थोडा वेळ तसाच. मला वाटलं, नाटक करतो. मग उठून गेलास. बाटली तशीच टेबलावर राहिली.

त्या संध्याकाळी तू माइकवर म्हणालास, "सारी याडी-बापूनं रामराम. एक दुरुस्ती बाकी हाये. ती उद्या." आणि बातम्या सुरू केल्यास. नाव घेतलं नाहीस, काय चुकलं तेही सांगितलं नाहीस.

आपण एका गाडीवर परत आलो. तू पुढे, मी मागे, तासभर कोणी बोललं नाही. माझ्या गल्लीच्या तोंडाशी तू गाडी थांबवलीस, मी उतरलो. तू म्हणालास, "उद्या बोलू, भाऊ." मी "हं" म्हणालो. मान वर करून पाहिलंही नाही. शुक्रवारी उजाडताना वहिनींचा फोन आला.

तुझ्या शोकसभेला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. तिथे पहिल्यांदा मला कळलं की तुझ्या त्या शेवटच्या वाक्याचं काय झालं होतं. सगळा तांडा तेच बोलत होता. एक दुरुस्ती बाकी हाये, ती उद्या. गुलाब याडी डोळे पुसत सांगत होती, "त्याले समजलं व्हतं. मनूनच बोलला, उद्या. उद्या कोनाचा असते?" एकाने फलकावर खडूने ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. केंद्रप्रमुख भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "विलास सरांची ती राहिलेली दुरुस्ती कोणती? मित्रहो, ती आपण प्रत्येकानं आपल्या जीवनात करायची दुरुस्ती आहे!" लोकांनी हळहळून माना हलवल्या. माझ्या शेजारचे गुरुजी म्हणाले, "काय माणूस होता. जातानाही शिकवून गेला."

विलास, ती माझी चूक होती. माझी! बाटलीची, गोट्यांची, पावसाच्या आकड्याची साधी चूक. माझ्या नावावर आयुष्यात एक गोष्ट अशी होती की जी तुझी नव्हती आणि तीही तुझ्या नावावर चढली. मी मांडवात बसून दात आवळत होतो. शेजारच्यांना वाटलं, मी रडू दाबतोय. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

शंकर नायक माझ्याजवळ आले. "काळे सर, तुमी त रोज त्यायच्या संगं राहे. तुमाले काही बोलले का? कोनती दुरुस्ती व्हती?"

मी म्हणालो, "नाही बा. मले नाही बोलला."

हे वाक्य मी तुझ्या फोटोपासून हातभर अंतरावर बसून बोललो.

मग पोरांनी बोलायची पाळी आली. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. पायलचं नाव घेतलं तर ती उठलीच नाही. तिची आई, सविता, मांडवाच्या कडेला बसली होती. निघताना मी तिला विचारलं की पायल का नाही बोलली.

"नाईच मनते माइकवर. त्या दिवसापासून पाऊस बी मोजत नाई." मग म्हणाली, "विलास सरांनी बी तिची बोतल उचलून नेली ना वट्यावरून. तिनं पाह्यलं. मने, सरांले बी ते चुकीचंच वाटलं असन. मंग मीच चुकली."

ती बाटली माझ्या ऑफिसातल्या कपाटावर होती. तू गेल्यानंतर मीच ती टेबलावरून उचलून वर ठेवली होती, नजरेआड. तू ती मला दाखवायला आणली होतीस. ती पोरगी समजत होती की तू ती काढून टाकलीस. जो माणूस तिच्या बाजूने माझ्याशी भांडला, तो जाताना तिला चूक ठरवून गेला, असं ती आयुष्यभर समजणार होती. हे खरं काय ते माहीत असलेला माणूस आता एकच उरला होता आणि त्याने नुकतंच सांगितलं होतं की त्याला काही माहीत नाही.

मी लगेच उठून मंदिरावर गेलो असं मला लिहायला आवडलं असतं. तसं नाही झालं. मी घरी गेलो. दोन दिवस स्वतःला समजावलं. पायलला एकटीला बोलावून सांगू, म्हणजे झालं. भोंग्यावर कशाला? लोकांनी त्या वाक्याचा एवढा चांगला अर्थ लावला आहे, तो कशाला मोडायचा? विलासच्या आठवणीसाठी गप्प राहावं. बघ, तुझ्या नावाखाली लपायलाही मी तयार झालो.

मग मी खरं काय ते शोधलं, आणि तेही तुला सांगतो. मला शेवटी भोंग्यापर्यंत घेऊन गेली ती अर्धी पायलची काळजी होती. उरलेलं अर्धं तेच जुनं. माझी चूक तुझ्या महानतेत जमा झालेली मला सहन होईना. तिच्यावर माझं नाव हवं होतं. चांगलं काम करायलाही मला तुझ्या हेव्याचाच रेटा लागला. तू असतास तर म्हणाला असतास, "चालते भाऊ, गाडी कोन्या का पेट्रोलनं जाईना."

तू गेल्यापासून भोंगा बंदच होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी शंकर नायकांकडे गेलो. म्हणालो, "भोंगा लावा. दुरुस्ती वाचायची आहे." ते मग काही न विचारता किल्ली घेऊन निघाले.

माइकला तुझ्या पानाचा वास होता. मी फुंकर मारली, भोंगा कर्कश ओरडला. मी म्हणालो, "सारी याडी-बापूनं रामराम." माझा उच्चार तू ऐकायला हवा होतास. तीन घरांतून हसू आलं. कोणीतरी बाई ओरडली, "कोन हाय हो थे?"

मग मी वाचलं. कागद होता, पण कागद पाहिला नाही.

"एक दुरुस्ती बाकी होती. मंगळवारी झालेल्या पावसाचा पायलने सांगितलेला आकडा बरोबर होता. बाटली बरोबर होती. विलास सरांनी बाटली तपासून मला दाखवली होती आणि पायल बरोबर आहे असं सांगितलं होतं. ती बाटली माझ्या कपाटावर आहे, सरांनी फेकलेली नाही. मी बाटली न पाहता पायलला चुकीची दुरुस्ती वाचायला लावली. नायकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. चूक काळे सरांची."

मी वाट पाहत होतो. हसतील, ओरडतील, गुलाब याडी काहीतरी बोलेल. कोणी काही बोललं नाही. मी डोकावून पाहिलं तर नळावर बाया उभ्या होत्या. भारे डोक्यावर, उतरवले नव्हते. थांबल्या होत्या.

शंकर नायक मागून हळूच म्हणाले, "मंग, सर? बातम्या?"

माझ्याकडे बातम्या नव्हत्या. त्या दिवशी मी पेपरही घेतला नव्हता. दुरुस्तीनंतर काही वाचायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शेवटी म्हणालो, "आज एवढंच." आता मात्र सगळा तांडा हसला. तुझ्या एसटीच्या वेळी हसला होता तसाच.

परत येताना मी एकटा होतो, माझ्या जुन्या स्कूटरवर. फाट्यावरच्या चहावाल्याने हात केला. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी येतंय का.

सोमवारी शाळेत गेलो तर ऑफिसच्या दारात पायल उभी होती. मी कपाटावरून बाटली काढून तिला दिली. गोटे होते, पाणी थोडं आटलं होतं. तिने बाटली उजेडात धरून पाहिली, मग दारातून निघता निघता वळली.

"सर, तुमी परवा एक चुकलं."

"काय?"

"तुमी बोलले, मंगळवारी झालेला पाऊस. पाऊस सोमवारी रात्री झाला. मंगळवारी त मी मोजला."

मी म्हणालो, "बरोबर आहे. तू सांगून टाक आज भोंग्यावर."

"मी कायले सांगू?" ती म्हणाली. तुझाच सूर, विलास, अगदी तुझाच. हेव्याची एक कळ पुन्हा छातीतून गेली. "तुमची चूक, तुमचं तोंड. आधी तुमी दुरुस्ती वाचा. मंग बातम्या मी वाचीन. पेपर आनला का?"

पेपर आणला होता. आज सकाळी बसस्टँडवर स्कूटर थांबवून घेतला होता, दोन.